संध्याकाळी साडेसातला काय? देशाची वाढती वीजक्षमता आणि आपली जाणारी बत्ती

मांद्र्याला होमस्टे चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: "देशाची निम्मी वीजक्षमता आता कोळशाशिवायची झाली, 2032 पर्यंत ती 900 गिगावॅटवर जाणार, असं वाचते. मग मे महिन्यात आमच्याकडे ऐन संध्याकाळी बत्ती का जाते? गोव्याने स्वतःचं वीजकेंद्र का उभारू नये? आणि मी छपरावर सोलर बसवू की थांबू?"

ताई, माझी तीसेक वर्षं सबस्टेशनात आणि कंट्रोल रूममध्ये गेली. निवृत्तीनंतर लोकांची छपरं मोजत फिरतो. त्यामुळे तुमच्या तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकाच जागेहून सुरू होतं: वीज किती आहे हे विचारू नका, संध्याकाळी साडेसातला किती आहे ते विचारा.

आधी तुम्ही वाचलेला आकडा. तो खोटा नाही. जून 2025 अखेर देशाची स्थापित क्षमता साधारण 484.8 गिगावॅट होती (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) आणि त्यातली 242.8 गिगावॅट कोळसा, वायू, डिझेल यांच्याशिवायची. म्हणजे निम्म्याला जरा वर. पॅरिस कराराखाली हे 2030 साठी कबूल केलं होतं, ते पाच वर्षं आधी झालं. कौतुक करण्यासारखीच गोष्ट आहे. पण स्थापित क्षमता म्हणजे काय, हे तुमच्याच धंद्यातून सांगतो. तुमच्याकडे सहा खोल्या आहेत. डिसेंबरात सहाही भरतात, जुलैत दोन भरल्या तरी देव पावला. कोणी विचारलं "किती खोल्या?" तर उत्तर सहा. "वर्षात किती रात्री भरल्या?" हा निराळा प्रश्न. मेगावॅट म्हणजे खोल्या, युनिट म्हणजे भरलेल्या रात्री. आणि सौर ही अशी खोली की जी फक्त दिवसा मिळते, संध्याकाळी मालक कुलूप लावून जातो.

म्हणूनच क्षमतेत निम्मा वाटा असूनही देशात जळणाऱ्या दर दहा युनिटांतली सात-एक अजून कोळशाची असतात. यात कोणी लपवाछपवी करत नाही. मोठ्या सौर प्रकल्पातून वर्षभराची सरासरी काढली तर पाटीवरच्या क्षमतेच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकीच वीज निघते. चांगलं चाललेलं अणुकेंद्र ऐंशी टक्क्यांच्या वर देतं. आपल्या काणकोणच्या पलीकडे, कारवारच्या मागे कैगा आहे ना, तिथली पहिली अणुभट्टी 2018 च्या 31 डिसेंबरपर्यंत सलग 962 दिवस न थांबता चालली. तो तेव्हा जागतिक विक्रम होता. ती भट्टी 220 मेगावॅटची. पाटीवर तेवढंच लिहिलेलं सौर उद्यान तिच्या पाव-तृतीयांश वीज देतं. स्वस्त देतं, हेही खरं.

आता पुढची योजना. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2023 मध्ये राष्ट्रीय विद्युत आराखडा काढला. त्यात 2031-32 अखेर 900 गिगावॅट धरलेत, अगदी नेमकं सांगायचं तर 9,00,422 मेगावॅट. सौर 364.6 गिगावॅट, कोळसा 259.6, वारा 121.9, मोठी जलविद्युत 62.2, उदंचन म्हणजे वर-खाली पाणी फिरवणारी साठवण 26.7, वायू 24.8, अणू 19.7, चिपाडं-बायोमास 15.5 आणि लहान जलविद्युत साडेपाच. बॅटऱ्या 47.2 गिगावॅट, त्या या 900 मध्ये मोजलेल्याच नाहीत, वेगळ्या.

त्याच आराखड्यात त्या वर्षाची कमाल मागणी 366.4 गिगावॅट धरलीय. आता गंमत पाहा: सौर 364.6 आणि कमाल मागणी 366.4. कागदावर नुसत्या सूर्यावर देश चालला पाहिजे! दुपारी एकला जवळपास चालेलही. मग साडेसात वाजतात.

हा हिशोब मी एकदा पेन घेऊन केला, तो तसाच मांडतो. गृहीतकं माझी आहेत, आराखड्याची नव्हेत. मे महिन्यातली संध्याकाळ. सौर शून्य. कोळशाची 259.6 मधली पंधरा टक्के यंत्रं दुरुस्तीत धरली तर 220 मिळतील. अणू 16. धरणं मे महिन्यात तळाला गेलेली, पण दोन-तीन तासांसाठी जोर लावता येतो, 40 धरू. वायू महाग असतो, केंद्रं बहुतेक बंदच असतात, 8 धरले. वाऱ्याचे पाव भाग, म्हणजे 30. ऊस गाळप संपलेलं, म्हणून चिपाडांचं काही धरत नाही. बेरीज 314. मागणी 366. हल्ली देशाची कमाल मागणी दुपारीही पडते (30 मे 2024 चा 250 गिगावॅटचा विक्रम भर दुपारचा आहे), त्यामुळे संध्याकाळची मागणी थोडी कमी धरली तरी पन्नासच्या आसपासचा खड्डा उरतोच. तो भरायला उदंचनाचे 26.7 आणि बॅटरीचे 47.2 आहेत. सगळी साठवण वेळेवर उभी राहिली आणि दुपारच्या उन्हात पूर्ण भरून ठेवली, तर गाडी पलीकडे जाते, हाताशी वीसेक गिगावॅट राहतात. साठवण रखडली तर जात नाही. 900 च्या आकड्यावर सगळे भाषणं करतात. माझा सगळा जीव साठवणीच्या त्या 74 वर अडकलेला आहे.

म्हणून "नवीकरणीय एवढी वाढतेय तर नवीन कोळसा कशाला?" या प्रश्नाला माझं उत्तर लोकांना आवडत नाही. सरकारने 2034-35 साठी कोळसा-लिग्नाइट मिळून 307 गिगावॅट लागतील असा अंदाज मांडलाय, मार्च 2023 मध्ये 212 च्या आसपास होते. हे सगळं साडेसातसाठी आहे. दुपारी हीच केंद्रं मंद आचेवर ठेवावी लागतात आणि कोळशाचा बॉयलर म्हणजे गॅसची शेगडी नव्हे, बटण फिरवलं की कमी-जास्त होत नाही. आराखड्यातच 2031-32 मध्ये कोळसा केंद्रं सरासरी 58-59 टक्केच चालतील असं धरलंय. तरी क्षमतेत 29 टक्के असलेला कोळसा तेव्हाही देशाची निम्म्याच्या आसपास वीज देत असेल आणि 40 टक्के असलेला सौर साधारण पाव.

बॅटरीबद्दल मात्र माझं मत बदललंय. 2022 मध्ये देशातली पहिली मोठी निविदा निघाली तेव्हा भाव आला मेगावॅटमागे महिन्याला 10.83 लाख रुपये. मी मित्राला म्हटलं होतं, हे थेर परवडणारे नाहीत. 2025 पर्यंत तोच भाव अडीच लाखांच्या खाली आला. माझा अंदाज साफ चुकला. उदंचनाचं तंत्र जुनं आणि पक्कं आहे, नगर-ठाण्याच्या हद्दीवर घाटघरला 250 मेगावॅटचं 2008 पासून चालतंय, पण डोंगर खोदायला, वनखात्याच्या परवानग्या घ्यायला वर्षं जातात. बॅटरीचे कंटेनर आणून ठेवले की काही महिन्यांत चालू. अणूचं तर विचारूच नका. 2047 पर्यंत 100 गिगावॅट करायची घोषणा फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात झाली, 2025 च्या मध्यावर 8.78 होते. शेजारच्या रत्नागिरीत जैतापूरचे 9,900 मेगावॅट किती वर्षं कागदावर आहेत, ते कोकणात नातेवाईक असलेल्या कोणालाही विचारा.

हे झालं देशाचं. आता मांद्र्याला येऊ. तुमची बत्ती जाते ती देशात वीज कमी पडते म्हणून जात नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण इथेच सगळा घोळ होतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात. आपल्याकडे आडात आहे, पोहराही आहे. दोर तोकडा आहे.

गोव्याची कमाल मागणी साधारण सातशे-आठशे मेगावॅट. मुंबईच्या पुढ्यात आपण म्हणजे एक वाडा. ही जवळजवळ सगळी वीज बाहेरून येते: कोरबा, विंध्याचल अशा मध्य भारतातल्या कोळसा केंद्रांतून, थोडी तारापूर-काकरापारच्या अणुकेंद्रांतून, थोडी दक्षिणेच्या रामगुंडमहून आणि आता सौर-वाऱ्याच्या केंद्रीय करारांतून. ती आत यायच्या वाटा मोजक्या: कोल्हापूरहून कोलवाळला येणारी 400 केव्हीची (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट), कर्नाटकातल्या अंबेवाडीहून फोंड्याला येणारी 220 केव्हीची, महाराष्ट्राकडून आमोण्याला येणारी. पश्चिम आणि दक्षिण ग्रिड, म्हणजे देशाच्या त्या दोन भागांतली तारांची जाळी, एका तालात जोडली गेली ती 31 डिसेंबर 2013 ला, रायचूर-सोलापूर लाईन चालू झाली तेव्हा. त्याआधी दक्षिणेहून आलेली वीज आणि पश्चिमेची वीज गोव्यात एकमेकींना शिवता कामा नये, असा कारभार होता. दोन ग्रिडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेचे सेकंदाला पन्नासच्या आसपास होणारे हेलकावे, वेगळी. एका बाजूचा लोड दुसरीकडे टाकायचा तर आधी पूर्ण बंद करायचा, मग जोडायचा. आजच्या पोरांना हे सांगितलं तर थट्टा वाटते.

कंट्रोल रूममधलं माझं सगळ्यात ठसलेलं चित्र म्हणजे भिंतीवरचे फ्रिक्वेन्सीचे ते लाल आकडे. 50.02, 49.98, 49.93. आता 49.90 ते 50.05 हा पट्टा सांभाळायचा असतो. मे महिन्यात सूर्य मोरजीच्या समुद्रात बुडायला लागला की पर्यटक किनाऱ्यावर मोबाइल घेऊन उभे, आणि आम्ही त्या आकड्यांपुढे. दहा मिनिटांत ते खाली सरकायला लागायचे, फोन वाजायचा, "तुमचं ड्रॉवल कमी करा." म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त ओढताय, आवरा. सगळ्या खोल्यांतले एसी त्याच वेळी चालू झालेले असतात, पाहुणे समुद्रावरून परत येऊन अंघोळीला गेलेले असतात, गिझर चालू. तुमच्याही खोल्या त्यात असतात, ताई, राग मानू नका.

आणि आत आलेली वीज 33 केव्ही, मग 11 केव्ही, मग ट्रान्सफॉर्मर, मग तुमचा खांब असा प्रवास करते. किनारपट्टीवर दहा वर्षांत गेस्ट हाऊसं वाढली, प्रत्येक खोलीत एसी आला, पण कित्येक ठिकाणी ट्रान्सफॉर्मर माडांच्या आणि पंख्यांच्या काळातलाच आहे. संध्याकाळी त्याच्यावर क्षमतेबाहेर लोड येतो, फ्यूज उडते. त्यात माडाचं एक चुडत 11 केव्हीच्या तारेवर पडलं की अख्खा फीडर, म्हणजे सबस्टेशनातून निघालेली ती सगळी लाईन, ट्रिप होऊन बंद. लाईनमन काळोखात टॉर्च घेऊन खांबामागून खांब बघत जातो. एकदा मीही असा सोबत गेलो होतो, पावणेदोन तास शोधून मिळालं काय, तर जंपरवर, म्हणजे खांबावरच्या जोडतारेवर, लटकलेला पतंगाचा मांजा आणि त्यात अडकलेलं ओलं चुडत. देशात 900 गिगावॅट असते तरी त्या रात्री तेवढाच वेळ लागला असता. उपाय म्हणजे पावसाआधी फांद्या कापणं, उघड्या तारांऐवजी केबल, जागोजागी नवे ट्रान्सफॉर्मर. कंटाळवाणी कामं आहेत, उद्घाटनाला फीत कापण्याजोगं त्यात काही नसतं.

तमनार वीजवाहिनीबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण त्या नावाने बराच गैरसमज झालाय. तमनार छत्तीसगडमध्ये आहे. तिथल्या कोळशाची तार थेट गोव्यात येणार, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात एकाच निविदेत दोन कामं होती, एक छत्तीसगडातलं आणि एक गोव्याचं, म्हणून जोडनाव पडलं. गोव्याचं काम म्हणजे धारवाडजवळच्या नरेंद्रहून 400 केव्हीची दुसरी वाट आत आणणं. कोल्हापूरची लाईन पडली तर हाताशी दुसरी असावी, एवढी साधी गरज. ती गरज मला खरी वाटते. पण ती मोले अभयारण्यातून झाडं तोडून नव्याने न्यायची, हे लोकांनी मान्य केलं नाही, आणि बरोबर केलं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय समितीची शिफारस मान्य केली: नवा पट्टा नको, आधीच असलेल्या 220 केव्हीच्या पट्ट्यातून न्या. माझ्या खात्यातल्या जुन्या मित्रांना हे बोललेलं आवडत नाही, पण हा मार्ग पहिल्या दिवशीच आमच्या लोकांना सुचायला हवा होता.

मुरगाव बंदरातून वाघिणींतून जाणारा कोळसा हाही तुमच्या विजेचा नाही, बरं का. तो मुख्यतः कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांचा. वास्कोच्या बायकांच्या दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसते, ती आपल्या दिव्यांसाठी नव्हे.

गोव्याने स्वतःचं केंद्र उभारावं का? सांकवाळला नाफ्त्यावर चालणारं 48 मेगावॅटचं होतं. इंधनाचा भाव चढला की तिथली वीज इतकी महाग पडायची की घ्यावी की नको, हीच चर्चा. दाभोळ-बेंगळुरू वायुवाहिनीची फांदी गोव्यात आलीय, पण आयात वायूवर वीज करणं सहसा परवडत नाही. कोळसा नको हे मी वेगळं सांगायला नको. धरणं लहान, पाणी आधी पिण्याला आणि शेतीला. आमोण्याला लोखंडाच्या कारखान्यातल्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज होते, साळगावच्या कचरा प्रकल्पात बायोगॅसवर थोडी होते. चांगलंच आहे, पण त्याने गोवा चालत नाही. मोठं सौर उद्यान करायचं तर एकरामागून एकर जमीन लागते. खाणींच्या उजाड जागांचं नाव नेहमी निघतं. तिथे पाहणी करायला माझी हरकत नाही, मात्र खचणाऱ्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यावर पाया घालणं सोपं नाही. मला विचाराल तर गोव्याने पैसे घालावेत ते तीन-चार सबस्टेशनांत बॅटऱ्या ठेवण्यात. कोलवाळला, फोंड्याला दुपारची स्वस्त वीज भरून घ्यायची, साडेसातला सोडायची. झाड तोडावं लागत नाही, चिमणी लागत नाही, आणि बाहेरची लाईन पडली तर तास-दोन तास हॉस्पिटलं तरी चालतात.

आता तुमचं छप्पर. बसवा, पण डोळे उघडे ठेवून. माझ्या साखळी गावच्या घरावर तीन किलोवॅट आहे. एप्रिलमध्ये रोज बारा-तेरा युनिटं, जुलैत चार-पाच, पाऊस सलग लागला तर दोनसुद्धा. वर्षाची सरासरी किलोवॅटमागे रोज चारच्या खालीच. पहिल्या वर्षी मी स्वतः चूक केली: मार्चमध्ये सावली तपासली, आणि डिसेंबरात सूर्य दक्षिणेला सरकल्यावर शेजारच्या फणसाची सावली अडीच वाजल्यापासून दोन पॅनलांवर. मोजणाऱ्याचंच असं झालं, काय सांगणार.

फसवणूक नव्हे पण अपेक्षाभंग होतो तो इथे: ग्रिडला जोडलेलं साधं सोलर बत्ती गेली की आपणही बंद होतं. मुद्दाम तसं केलेलं असतं, नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला तुमच्या छपरावरच्या विजेचा शॉक बसेल. म्हणजे संध्याकाळची बत्ती जाण्यावर ते औषध नाहीच. ते बिलावरचं औषध. बत्तीसाठी हायब्रिड (सोलर, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागेल. पाच युनिटांची लिथियम बॅटरी दिवे, पंखे, फ्रिज, वायफाय चार-पाच तास ओढते. एसी त्यावर लावू नका, पाहुण्यांना सांगा की बत्ती गेली की पंखा.

अनुदानाचं आधी तपासा. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना तीस-तीस हजार, तिसऱ्याला अठरा, मिळून जास्तीत जास्त 78 हजार. पण ते घरगुती जोडणीला. तुमचा होमस्टेचा मीटर व्यावसायिक असेल तर नाही मिळत. एका घराला दोन मीटर असतील तर कुठला कुणाचा, हे बिलावर बघून मगच अर्ज करा.

आणि जे फुकट आहे ते आजपासूनच करता येईल. 2023 च्या केंद्रीय नियमांनी वेळेनुसार दर आणायचं ठरलंय, उन्हाच्या आठ तासांत दहा ते वीस टक्के स्वस्त, गर्दीच्या वेळी तेवढंच महाग. व्यावसायिक ग्राहकांपासून त्याची सुरुवात ठरली होती, तुमच्या जोडणीचं काय ते बिल घेऊन कार्यालयात विचारा. लागू असो वा नसो, चादरी-टॉवेल धुण्याचं मशीन आणि विहिरीवरचा पंप अकरा ते चारच्या मध्ये लावा. गिझरला टायमर बसवून दुपारीच पाणी तापवून ठेवा, इन्सुलेशन बरं असेल तर आठ वाजेपर्यंत गरम राहतं.

कोटेशन मागवाल तेव्हा एक लेखी घ्या. मांद्र्याला समुद्र जवळ, खाऱ्या वाऱ्याने तीन वर्षांत क्लॅम्प आणि नटबोल्ट गंजतात. हरमलच्या एका छपरावर मी स्वतः हाताने क्लॅम्प दाबला आणि तो पापडासारखा मोडला. वर पॅनल नुसतं वजनावर बसलेलं होतं, पुढच्या वादळात उडालंच असतं. स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमचं, नटबोल्ट स्टेनलेस 316 चे, 304 चालणार नाहीत, असं कोटेशनवर लिहून मागा. फोनवर "हो मॅडम, सगळं चांगलंच असतं" म्हणणारा लिहून द्यायला कां-कू करायला लागला, तर दुसरा बघा. पावसाआधी काम उरकायचं असेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माणूस छपरावर चढलेला पाहिजे.